कांगारूंच्या देशात काय हरवतंय?

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली, तू एआयवर बोल." पण एआयवरची भाषणं तुमच्या प्रत्येकाच्या फोनवर रोज येऊन पडतात. त्यात आणखी एकाची भर नको, म्हणून मी विषय बदलून मागितला आणि त्यांनी मोठ्या मनाने तो दिला. मी गेली पंधरा वर्षं सिडनीत राहते. गावी आले की तुमच्यापैकी कोणीतरी हमखास विचारतं, "काय गं, तिकडे रस्त्यावर कांगारू दिसतात का?" दिसतात. शहराच्या कडेला संध्याकाळी चरताना दिसतात, आणि गाडीच्या धडकेने मरून पडलेलेही दिसतात. त्या प्रश्नाचं आज जरा सविस्तर उत्तर देते.

आधीच सांगते, मी प्राणिशास्त्राची अभ्यासक नाही. जीवशास्त्र दहावीला बाईंनी शिकवलं तेवढंच, नंतर इंजिनियरिंगला गेले आणि तो विषय सुटला. आज सांगते आहे ते वाचून आणि सुट्टीच्या दिवशी तिकडच्या स्वयंसेवकांबरोबर फिरून शिकलेलं आहे.

ऑस्ट्रेलिया हा कोट्यवधी वर्षं बाकीच्या जगापासून तुटून राहिलेला भूखंड. त्यामुळे तिथले प्राणी वेगळ्याच वाटेने घडले. तिथल्या सस्तन प्राण्यांच्या ८० टक्क्यांहून जास्त जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. म्हणजे तिथून गेला तो पृथ्वीवरूनच गेला. १७८८ मध्ये ब्रिटिशांनी सिडनीत पहिली वसाहत केली. तेव्हापासून आजपर्यंत तिथल्या सस्तन प्राण्यांच्या ३० हून जास्त जाती नामशेष झाल्या आहेत. या काळात इतके सस्तन प्राणी दुसऱ्या कुठल्याही देशाने गमावलेले नाहीत.

यातलं एक नाव तुम्ही ऐकलं असेल, टास्मानियन टायगर. नाव वाघाचं, पण प्राणी कांगारूसारखा पिशवीवाला. शेवटचा प्राणी ७ सप्टेंबर १९३६ रोजी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. त्याला कायद्याने संरक्षण मिळून तेव्हा जेमतेम ५९ दिवस झाले होते. आता तोच दिवस तिकडे संकटग्रस्त जातींचा दिवस म्हणून पाळतात. बाकीची नावं मात्र कोणाच्या लक्षातही नाहीत, कारण ते प्राणी उंदराएवढे नाहीतर सशाएवढे होते. त्यातला एक उंदीर टोरेस सामुद्रधुनीतल्या ब्रँबल के नावाच्या एका छोट्याशा बेटावर राहायचा. बेट समुद्रापासून कसंबसं तीन मीटर उंच. समुद्र चढत गेला, वादळात लाटा आत शिरल्या, खायची झुडपं गेली. २००९ नंतर तो कोणाला दिसला नाही आणि २०१९ मध्ये सरकारने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं. माणसाने केलेल्या हवामान बदलामुळे नामशेष झालेला जगातला पहिला सस्तन प्राणी म्हणून आता त्याची नोंद आहे.

आता घरांबद्दल बोलते, कारण सगळ्यात मोठा घाव तिथेच बसतो आहे. आपल्याकडे झाडात ढोली कोण कोरतं? सुतारपक्षी, तांबट. त्यांनी कोरायची आणि नंतर पोपटाने, पिंगळ्याने तिच्यात संसार मांडायचा. ऑस्ट्रेलियात सुतारपक्षी नाही. एकही जात नाही. तिथे ढोली पडते ती फांदी मोडून, मग तिथे बुरशी लागून, वाळवीने आतला गाभा खाऊन, कधी वणव्याने जळून. मोठ्या पक्ष्याला पुरेल अशी ढोली पडायला निलगिरीच्या झाडाला शंभर-दीडशे वर्षं लागतात, कधी त्याहूनही जास्त. आणि या ढोल्यांचा आसरा घेणाऱ्या पक्षी, प्राणी, सरडे, बेडकांच्या मिळून तिथे सुमारे ३०० जाती आहेत.

ग्रेटर ग्लायडर नावाचा एक प्राणी आहे. मांजराएवढा, अंगभर मऊ लोकर, लांब झुबकेदार शेपूट. निलगिरीची पानं खातो आणि रात्री हातापायांमधली कातडी पसरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो, एका झेपेत शंभर मीटरपर्यंत. त्याला एक ढोली पुरत नाही, तो आलटूनपालटून अनेक वापरतो. २०२२ मध्ये त्याच्या दक्षिणेकडच्या जातीला 'धोक्यात असलेली जात' या वर्गात टाकावं लागलं. जंगलतोड झाली, वणवे लागले, उष्णता वाढली, पण मुळात जुनी झाडं गेली. 'एक झाड तोडलं तर दहा लावू' हा हिशेब तुम्हीआम्ही नेहमी ऐकतो. त्या दहा रोपांमध्ये पुढची शंभर वर्षं एकही ढोली नसते. आमच्या धंद्यात सर्व्हर बसला तर बॅकअपवरून तो तासाभरात उभा करता येतो. दीडशे वर्षांच्या झाडाचा बॅकअप कुठेच नसतो.

हे सगळं लांब कुठेतरी जंगलात चाललं आहे असं समजू नका. सिडनीच्या पश्चिमेला कंबरलँड प्लेन नावाचं चिकणमातीचं मोठं मैदान आहे. तिथे पूर्वी निलगिरीच्या जातींचं विरळ, गवताळ रान होतं. आज त्याचा दहा टक्क्यांहूनही कमी भाग उरला आहे आणि सरकारी यादीत ते 'अतिसंकटग्रस्त' आहे. त्या मैदानावर आता नव्या वसाहती आहेत. तिथे मराठी, तेलुगू, पंजाबी, गुजराती कुटुंबं राहतात. आमचंही घर तिथेच आहे. गणपतीला दोनशे माणसं जमतात तो हॉलही तिथलाच.

या मैदानाच्या दक्षिण टोकाला, कॅम्पबेलटाऊनच्या बाजूला, कोआला आहेत. आपण चित्रात बघतो तो कोआला दिवसाचे अठरा-वीस तास झोपतो, कारण निलगिरीच्या पानात ताकद कमी आणि विष जास्त. बसल्या झाडाची पानं संपली की त्याला खाली उतरून दुसऱ्या झाडापर्यंत चालत जावं लागतं, आणि तिथेच त्याचा घात होतो. मध्ये रस्ता असतो, रस्त्यावर गाड्या असतात, अंगणात कुत्रा असतो. वर क्लॅमिडिया नावाचा रोग आहे, त्यात कोआला आंधळे होतात, वांझ होतात. क्वीन्सलँड, न्यू साऊथ वेल्स आणि राजधानी कॅनबेराचा प्रदेश इथले कोआला २०१२ मध्ये 'असुरक्षित' होते. दहाच वर्षांत, २०२२ मध्ये, ते 'धोक्यात असलेले' झाले.

मी घरं बांधू नका असं म्हणत नाही. सिडनीत घरभाडं काय आहे ते मला चांगलं माहीत आहे, आणि नवीन आलेल्या कुटुंबाला छप्पर हवंच. भांडण आहे ते घरं कुठे बांधायची याचं, आणि दोन रानांना जोडणारा झाडांचा पट्टा किती रुंद ठेवायचा, रस्त्याखालून प्राण्यांना वाट काढायची की नाही याचं. हे प्रश्न नकाशा काढतानाच सुटतात. भिंती उभ्या राहिल्यावर सुटत नाहीत.

आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर वर्षातून चार वेळा एक प्रश्न येतो, "मागच्या अंगणातलं गमट्री पाडायला परवानगी कशी काढायची?" गमट्री म्हणजे निलगिरीच्या कुळातलंच झाड. ही भीती खोटी नाही. या झाडांची मोठी फांदी वारा नसतानाही अचानक खाली येते आणि त्यात माणसं मेलेली आहेत. मी सांगते, आधी झाडांच्या तज्ज्ञाला बोलवा. पुष्कळदा घरावर आलेल्या फांद्या उतरवून खोड आणि ढोली ठेवता येते. वठलेलं झाडही उंची कमी करून उभं ठेवता येतं. काही जण ऐकतात, काही जण नाही ऐकत. ज्यांनी ऐकलं त्यांच्यापैकी एका घरी आज ढोलीत पोसमचं कुटुंब आहे, आणि त्या घरातली मुलं टीव्ही सोडून रोज संध्याकाळी खिडकीत बसतात.

दुसरा घाव बाहेरून आणलेल्या प्राण्यांचा. इथे आपला संबंध थेट येतो, म्हणून जरा थांबते. ऑस्ट्रेलियात ज्याला 'इंडियन मायना' म्हणतात ती कोण, ओळखा. आपली साळुंकी! १८६० च्या दशकात तिला मेलबर्नला नेलं, किडे खाईल म्हणून. पुढे उसाच्या मळ्यांतही नेलं. ती आज पूर्व किनाऱ्यावरच्या शहरांत सगळीकडे आहे आणि मुळातच कमी असलेल्या ढोल्यांतून तिथल्या पोपटांना हुसकावून लावते. आपली बाभूळही तिथे गेली, गुरांना सावली आणि शेंगा मिळतील म्हणून. क्वीन्सलँडच्या गवताळ माळांवर ती आता काट्यांची जाळी करून बसली आहे. इथे शेताच्या बांधावर गुणाची असलेली बाभूळ तिथे देशपातळीवरचं तण ठरली आहे. उलट त्यांची निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ आपण सामाजिक वनीकरणात मैलोन्‌मैल लावली. झाडाचा यात दोष नाही. ते ज्यांच्याबरोबर वाढलं ती खाणारी, आवरणारी मंडळी मागे राहिली की ते बेफाम होतं.

तुमच्यापैकी ज्यांचा ऊस आहे त्यांना हुमणी सांगायला नको. क्वीन्सलँडच्या उसालाही अशीच मुळं खाणारी अळी लागायची. तिचे भुंगेरे खाण्यासाठी १९३५ मध्ये हवाईहून सुमारे शंभर केन टोड आणले. हा मोठा विषारी भेक. भुंगेरे बसायचे उसाच्या शेंड्यावर आणि भेकाला वर चढता येईना. हुमणी तशीच राहिली आणि भेक मात्र वाढत वाढत पार पश्चिमेच्या किंबर्लीपर्यंत पोहोचला. त्याच्या कातडीत विष असतं. तिथल्या घोरपडींनी, क्वोल नावाच्या मांजरासारख्या शिकारी प्राण्याने असलं विष कधी पाहिलेलंच नव्हतं. बेडूक समजून तोंडात धरला की खेळ खल्लास.

सशांचंही तेच. १८५९ मध्ये व्हिक्टोरियातल्या एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी दोन डझन ससे सोडले, आणि पन्नास वर्षांत पश्चिम ऑस्ट्रेलियाला ते अडवण्यासाठी हजारो किलोमीटर कुंपण घालावं लागलं. शिकारीसाठीच कोल्हे आणले. आणि सगळ्यांवर कडी केली ती मांजराने. घरातून सुटून रानात वाढलेली मांजरं आज ऑस्ट्रेलियाच्या ९९.८ टक्के जमिनीवर आहेत, आणि पाऊसपाण्याप्रमाणे त्यांची संख्या २१ लाख ते ६३ लाखांच्या दरम्यान असते. लहान सस्तन प्राणी संपण्यात कोल्हा आणि मांजर यांचा वाटा फार मोठा आहे. म्हणून तिकडे पुष्कळ ठिकाणी पाळीव मांजर घरातच ठेवा असा नियम होतो आहे. मांजर आवडणाऱ्यांनी माझ्यावर रागावू नये, आमच्याकडेही एक आहे, पण ते घराबाहेर पडत नाही.

तिसरा घाव आगीचा आणि उष्णतेचा. २०१९-२० चा उन्हाळा मी सिडनीत काढला. आठवडेच्या आठवडे धूर. दुपारी सूर्य तांबडा दिसायचा, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडायची, शाळेत मुलांना मैदानावर सोडत नव्हते. त्या मोसमात देशभरात २.४ कोटी हेक्टरांहून जास्त जमीन जळाली, ३३ माणसं आगीत गेली, तीन हजारांवर घरं गेली. शास्त्रज्ञांच्या अंदाजाने सुमारे ३०० कोटी प्राणी मेले किंवा बेघर झाले. त्यात बहुतेक सरपटणारे प्राणी होते, ज्यांचा फोटो कोणी काढत नाही.

वणवा तिथे नवा नाही. तिथले मूळ रहिवासी ५० हजारांहून अधिक वर्षं आग वापरत आले. थंडाव्याच्या दिवसांत, थोडी थोडी जमीन, सावकाश जाळायची, म्हणजे उन्हाळ्यात मोठ्या आगीला खाद्य मिळत नाही आणि प्राण्यांना पळायला न जळलेले तुकडे राहतात. त्यांना जमिनीवरून हुसकावलं तेव्हा हे ज्ञानही बाजूला पडलं. आता उत्तरेकडे मूळ रहिवाशांचे रेंजर ते काम पुन्हा करत आहेत. पण हवाच तापत चालली असेल तर केवळ त्याने भागणार नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये केर्न्सच्या आसपास दोन दिवसांत पारा ४२ अंशांवर गेला आणि चष्मेवाल्या वटवाघळांपैकी सुमारे २३ हजार झाडावरून खाली पडून मेली. त्या जातीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग दोन दिवसांत गेला. समुद्रात ग्रेट बॅरिअर रीफचं पोवळं २०१६ पासून पुन्हा पुन्हा पांढरं पडतं आहे.

आता ज्या गोष्टीने मला या विषयात ओढलं ती सांगते. रीजंट हनीइटर नावाचा एक पक्षी आहे, काळ्या अंगावर पिवळी जाळीदार नक्षी. पूर्वी त्याचे शेकड्यांनी थवे असायचे, आता जंगलात तीनएकशे उरलेत. या पक्ष्याला गाणं जन्मतः येत नाही. घरट्यातून उडाल्यावर पिल्लू आपल्या जातीच्या मोठ्या नरांचं ऐकून शिकतं. पण मोठे नर इतके कमी आणि इतके लांब लांब राहिले की काही पिल्लांना शिकवायला कोणी भेटतच नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की सुमारे १२ टक्के नर आपलं गाणं विसरून दुसऱ्याच जातींच्या पक्ष्यांचं गाणं गातात. आणि मादी असल्या नराकडे फारशी फिरकत नाही. म्हणजे पक्षी जिवंत आहे, धडधाकट आहे, पण त्याची भाषा गेली म्हणून त्याचा वंश चालत नाही.

मी रविवारी आमच्याकडच्या मराठी शाळेत शिकवते. तिथली मुलं हुशार आहेत. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. पुस्तकं देऊन, गाणी लावून आम्ही थकलो. पण ज्या घरी आजी सहा महिने राहून जाते, त्या घरचं मूल घडाघडा बोलायला लागतं. त्यामुळे सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयातले लोक या पक्ष्यांसाठी काय करतात हे वाचलं तेव्हा मला ते लगेच समजलं. पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लांना आधी जंगलात रेकॉर्ड केलेली गाणी लाऊडस्पीकरवर ऐकवली. मग गाणं येणारे प्रौढ नर शेजारी आणून ठेवले. पक्ष्यांनाही शेवटी आजोबाच लागले.

सगळं निराशाजनकच आहे का? नाही, आणि हे मला आवर्जून सांगायचं आहे. ईस्टर्न बारड बँडिकूट नावाचा लांब नाकाचा छोटा प्राणी व्हिक्टोरियात 'जंगलातून नामशेष' असा जाहीर झालेला होता. कुंपणं घालून, कोल्हे नसलेल्या बेटांवर सोडून, काही ठिकाणी तर मेंढ्या राखणारे मरेम्मा कुत्रे पहाऱ्याला ठेवून तो वाढवला. २०२१ मध्ये त्याला त्या यादीतून वर काढलं. ऑस्ट्रेलियात असं पहिल्यांदाच घडलं. नारिंगी पोटाचे पोपट २०१६ च्या सुमारास टास्मानियातल्या विणीच्या जागी फक्त १७ परतले होते, आता काही मोसमांत ८० च्या वर परततात. क्वोलला वाचवायला शास्त्रज्ञांनी भेकाच्या मांसाचे मळमळ होईल असं औषध घातलेले सॉसेज केले. एकदा खाऊन पोट बिघडलं की क्वोल पुन्हा भेकाच्या वाटेला जात नाही. आणि वॉलेमी पाइन! डायनासोरच्या काळातल्या कुळातलं हे झाड १९९४ मध्ये सिडनीजवळच्या एका दरीत सापडलं. रानात शंभरही मोठी झाडं नाहीत. २०२० च्या वणव्यात अग्निशमन दलाची माणसं हेलिकॉप्टरने त्या दरीत उतरली, झाडांभोवती पाण्याच्या नळ्या टाकल्या, आणि झाडं वाचली.

साध्या माणसालाही करण्यासारखं असतं. ऑस्ट्रेलियन म्युझियमने २०१७ मध्ये फ्रॉगआयडी नावाचं ॲप काढलं. बेडूक ओरडला की फोनवर त्याचा आवाज टिपायचा आणि पाठवायचा. तज्ज्ञ ऐकून जात ओळखतात. लोकांनी आजवर लाखो नोंदी पाठवल्या आहेत. वणव्यानंतर कुठले बेडूक वाचले हे त्यावरून समजलं. मी सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं घालवली आहेत, पण पावसाळी रात्री टॉर्च घेऊन डबक्याशी उभं राहण्याइतका उपयोग कुठल्याच फोनचा मी केलेला नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि हा मागणीचा आहे. आपण सगळे मिळून शाळेला नवी प्रयोगशाळा बांधून देतो आहोत. मीही माझा वाटा दिला आहे, आणि आनंदाने दिला आहे. काल मी नकाशा बघितला. मैदानाच्या मागच्या बाजूची जुनी चिंच आणि दोन शिरीष बांधकामाच्या रेषेत येतात. आज सकाळी जाऊन पाहून आले. चिंचेला तीन ढोल्या आहेत, एकीत पोपट जाताना पाहिला. आपल्याकडे सुतारपक्षी आणि तांबट आहेत, त्यामुळे आपली अवस्था ऑस्ट्रेलियाएवढी अवघड नाही. पण त्यांना कोरायलाही जुनं खोड लागतंच.

बांधकामातले आपले दोन वर्गमित्र इथेच पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांना माझी विनंती आहे की इमारत दहा-बारा फूट पूर्वेला सरकवता येते का, ते या आठवड्यात बघावं. खर्च वाढला तर त्यातला माझा हिस्सा मी आजच कबूल करते. आणि विज्ञानाच्या सरांना विनंती, की आठवी-नववीच्या मुलांकडून आवारातल्या प्रत्येक जुन्या झाडाची वही करून घ्यावी. कुठलं झाड, घेर किती, ढोल्या किती, त्यात कोण राहतं. पुढच्या मेळाव्याला ती वही आपण सगळ्यांनी मिळून बघू.

सर, बाई, तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत. वर्गात मी बडबड करायचे तेव्हा बाई बाकावर उभं करायच्या, आज माईक दिलात.